गेझिनाला, पाकिटातून

पाकीट हलवलंस तर आत काहीतरी खडखडेल.
घाबरू नकोस. काशाचा बुश आहे,
अंगठ्याएवढा, स्विंगआर्मच्या सांध्यातला.
मागचं चाक याच्याच भरवशावर वर-खाली होतं.
बोट घालून फिरव. गोल वाटेल.
मग नखाने चाचप :
एका बाजूने झिजून अंड्यासारखा झालाय.
अर्धा मिलिमीटर.
तेवढंच.

एकोणऐंशीचा सप्टेंबर, ब्रेमेनच्या खालचा महामार्ग.
मी तेवीस वर्षांची. चर्चमधले ऑर्गन दुरुस्त करून
वर्षभर मिळवलेला सगळा पगार
त्या जपानी नऊशेत ओतलेला.
तू मागे. तुझ्यामागे पेटी, पेटीत तंबू,
आणि तुझ्या आईने बळेच कोंबलेली
आंबवलेल्या काकड्यांची बरणी.

एकशे एकतीसला तिची शेपूट हलली.
आधी इतकी हळू, की कुणी मागून बाही ओढतंय असं वाटावं.
मग डावी, उजवी, सेकंदाला दोनदा, तीनदा,
सगळा सांगाडा मधोमध बिजागरी बसवल्यासारखा.
मी हँडल आवळलं.
आवळलं तसा माझ्या दंडातला थरकाप
पुढच्या चाकात उतरला, आणि तिथून फिरून परत मागे, तुझ्यापर्यंत.

थांबलो तेव्हा तू काही बोलली नाहीस.
मीच बोलले : "तू हललीस."
तू हेल्मेट काढलंस, बरणी उघडलीस,
उभ्याउभ्या एक अख्खी काकडी खाल्लीस
आणि क्लोपेनबुर्गहून आगगाडीने घरी गेलीस.

पंचेचाळीस वर्षं मी ते सांगत आले.
लग्नांत, गॅरेजांत,
तुझ्या फोल्कर्टच्या मयतीनंतरच्या चहालासुद्धा :
ती मागे हलली हो, नाहीतर गाडी सोन्यासारखी.
लोक हसायचे. मीही.

या मे महिन्यात एकटीच निघाले.
पेटी काढलेली, सीट रिकामी, वारा पडलेला.
एकशे एकतीस.
बाही ओढली गेली.

मग त्यार्क उबेनच्या शेडमध्ये तीन शनिवार.
पोरगा तिशीचाही नाही, पण हात म्हाताऱ्याचे.
हँडलखालचं बेअरिंग : मधोमध खाच पडलेली, तिथे येऊन अडखळायचं.
मागचा टायर : सरळ रस्त्यांनी तासून सपाट केलेला.
आरे मी स्वतः स्पॅनरने वाजवून पाहिले,
माझं आयुष्य दुसऱ्या कशात गेलंय?
चार बेसूर निघाले.
शेवटी सांधा खोलला
आणि त्यार्कने हा बुश माझ्या तळहातावर ठेवला.
बोलला काही नाही. ग्रीस पुसत राहिला.

म्हणतो, पुन्हा हललीच तर ब्रेक मारायचा नाही,
थ्रॉटल झटक्याने सोडायचा नाही.
टाकीवर वाकायचं, गुडघे चिकटवायचे, कोपरं सैल,
आणि वेग पिठासारखा हळूहळू खाली सांडू द्यायचा.
सरळ व्हायचं तिला ठाऊक असतं, म्हणतो,
आपण मध्ये पडलो नाही तर.

काल पाहून आले. एकशे अठ्ठावन्नला अजून आहे थोडं.
पुलाखालून गेले, एक वळवळ आली,
मी हात सैल सोडले आणि मोजत राहिले,
चार, पाच,
सहाव्याला नव्हती.
पूर्ण जाणार नाही म्हणतो. तेव्हाच्या सांगाड्यांची हाडं बारीक.

तर हे असं आहे.
तू हलली नव्हतीस.
किंवा हललीही असशील, कोण नाही हलणार,
पण त्याने काही झालं नव्हतं.

बुश परत धाडू नकोस. टपालाला साडेचार युरो पडतात.
स्वतः आणलास तर खडीसाखर घरात आहे,
अजून वरून चहा ओतला की तशीच तडकते.
बसायचं म्हणून नाही सांगत,
पण मागची शिवण उसवली होती सीटची,
ती मी घातली.

— वीब्के